इजिप्त चालवायला घेताना

समजा, उद्या कुणी इजिप्तचा कारभार तुमच्या हाती दिला. हसू नका, तिथे याहूनही अचानक माणसं गादीवर आलेली आहेत.

आधी भाकरी सांभाळा. रेशनवरची 'बलदी' भाकरी, म्हणजे गव्हाची गोल, पोकळ, निम्म्या देशाचं पोट भरणारी. १९७७ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्याने पीठ, साखर, तांदूळ, चहा यांवरचं अनुदान कापलं आणि अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत रस्ते पेटले. लष्कर उतरवावं लागलं, माणसं मेली, अनुदान परत द्यावं लागलं. तुम्ही असला आडदांडपणा करू नका. किमतीला नाही, वजनाला हात घाला. ५ पियास्तरची (शंभर पियास्तर म्हणजे एक इजिप्शियन पौंड) भाकरी तीस वर्षांहून जास्त काळ ५ पियास्तरलाच राहिली, पण २०२० मध्ये ती ११० ग्रॅमवरून ९० वर आली. वीस ग्रॅमसाठी कोण क्रांती करतो? मग जून २०२४ मध्ये किंमत एकदम चौपट केली, २० पियास्तर, तरी रस्ते शांत. घाई करणाऱ्या सादातांना हे सुचलं नाही.

गहू मात्र बाहेरूनच आणा, तोही शक्यतो अशा दोन देशांकडून जे एकमेकांवर चाल करून जातील. रशिया आणि युक्रेन उत्तम. २०२२ मध्ये ते जुंपले तेव्हा कैरोने एप्रिलमध्ये भारताच्या गव्हाला मंजुरी दिली आणि मे महिन्यात दिल्लीने निर्यातच बंद केली. (आमच्या नाशिकच्या कांदेवाल्याला विचारलं असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं.) महागाई फारच बोचू लागली, तर कोंबडीचे पाय खा म्हणावं, त्यात प्रथिनं असतात. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारी पोषण संस्थेने हाच सल्ला दिला होता. लोक चिडलेच, तर आपल्या गरिबीची गोष्ट सांगा. राष्ट्राध्यक्ष अब्देल फतह अल-सीसी यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की दहा वर्षं आपल्या फ्रिजमध्ये पाण्याशिवाय काही नव्हतं. फ्रिज होता, हे मात्र मान्य करावं लागेल.

नोकऱ्यांचं काय? सादातांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली होती. ती मोडू नका, नुसती रांग लांबवा. पोरं वाट बघून कंटाळली की आपोआप आखातात जातात आणि घरी डॉलर पाठवतात. सुवेझ कालव्याच्या उत्पन्नापेक्षा हे पैसे कितीतरी जास्त, आणि त्यासाठी खणावंही लागत नाही. बायकांच्या नोकरीची चिंता तर नकोच. पाचात एकीलाही काम नसतं आणि तरी कुणी मोर्चा काढत नाही. देशात राहून कुणी धंदा काढायचं म्हणालाच, तर त्याला प्रतिस्पर्धी द्या: लष्कर. सिमेंट, शेवया, बाटलीबंद पाणी, पेट्रोलपंप, सगळं खाकी वर्दीत मिळतं. रणगाड्याशी भावात कोण घासाघीस करणार?

शांततेकडे मात्र व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. भाकरीच्या दंगलीच्या त्याच वर्षी, १९७७ च्या नोव्हेंबरात, सादात शत्रू इस्रायलच्या दारात, जेरुसलेमला जाऊन उभे राहिले. १९७९ मध्ये इस्रायलशी तह झाला आणि पुढे १९८७ पासून अमेरिकेची वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत बांधली गेली, शस्त्रं त्यांच्याच दुकानातून घ्यायची. २००४ मध्ये याहून गोड सौदा झाला: इजिप्तच्या कपड्यात इस्रायली मालाचा ठरावीक हिस्सा, सुरुवातीला ११.७ टक्के आणि नंतर १०.५, घातला की अमेरिकेत जकात माफ. म्हणजे शुक्रवारी मशिदीबाहेर इस्रायलच्या नावाने घोषणा देणारा शनिवारी त्याच देशाचा माल कपड्यात शिवतो. ही ढोंगबाजी आहे असं म्हणणाऱ्याला सांगा, त्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. ते खरंही आहे.

उरलेल्या पैशात वाळवंटात नवी राजधानी बांधा, मधोमध आफ्रिकेतला सर्वांत उंच मनोरा. पैसे उरले नसतील तरी बांधा. मार्च २०२४ मध्ये पौंड एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त घसरला आणि त्याच दिवशी नाणेनिधीने कर्ज ३ अब्जांवरून ८ अब्ज डॉलर केलं. तेवढ्याने भागलं नाही तर किनारा आहे. रास अल-हिकमा नावाचा एक तुकडा अमिरातीला ३५ अब्ज डॉलरच्या सौद्यात गेला, तोही त्याच्या आदल्याच महिन्यात. भूमध्य समुद्राकडचा बराचसा किनारा अजून हातात आहे, आणि तांबड्या समुद्राकडचा तर वेगळाच.