पाच कांबळी

"माझ्याकडे पाच कांबळी आहेत, काय किंमत येईल?" हा प्रश्न सोलापुरात फोनवर कुणाला विचारू नये. मी विचारला. तोही चाटी गल्लीतल्या अण्णांना, ज्यांच्या तीन पिढ्या चादरी-टॉवेलांच्या धंद्यात गेल्या.

"लोकरीची का सुताची?" अण्णांनी शांतपणे विचारलं. "वजन सांग."

"कागदाची आहेत, अण्णा."

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग, "दुपारचं उन्हात फिरू नको बे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उन्हाचा दोष नव्हता, पाण्याचा होता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि मे महिन्यात घरातलं प्रत्येक भांडं कामाला लागतं. जुना ड्रम काढायला मी माळ्यावर चढलो आणि ड्रमामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात माझं बालपण होतं. बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची कार्डं, कुस्तीवाल्यांच्या ट्रम्प कार्डांचा अर्धा गड्डा (अंडरटेकर सोडून सगळे), आणि रबरबँडमध्ये बांधलेले पाच विनोद कांबळी. रबरबँड वितळून पाचव्या कांबळींच्या पॅडवर कायमचा चिकटला होता.

एरवी डबा तिथंच राहिला असता. पण त्याच आठवड्यात चिरंजीवांनी जेवताना बातमी दिली होती की अमेरिकेत बेसबॉलच्या एका कार्डाला 1 कोटी 26 लाख डॉलर मिळाले. मिकी मँटल नावाचा खेळाडू, टॉप्स कंपनीचं 1952 सालचं कार्ड, लिलाव 2022 चा. तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपये. माझा घास हातातच राहिला. शंभर कोटी! कागदाच्या तुकड्याला! आणि आम्ही इथं चादरीच्या गाठोड्यामागे दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

त्यातली खरी गंमत पुढे आहे. त्या संचातली न खपलेली कार्डं टॉप्सने 1960 च्या सुमाराला बार्जवर लादून समुद्रात बुडवली, असं कंपनीच्याच साय बर्गर यांनी सांगून ठेवलंय. गोदाम अडलं होतं म्हणून! म्हणजे उरलेल्यांची किंमत का वाढली, तर बाकीची बुडाली म्हणून. हे ऐकल्यावर मला माझ्या आईचं कार्य नव्याने उमगलं. मी सातवीत असताना तिने माझी चांगली-चांगली दीडेकशे कार्डं वह्यांबरोबर रद्दीत घातली होती. तिने कुणाच्या तरी कार्डांची किंमत वाढवून ठेवली. फक्त माझ्या नाही.

"मग तुमचं तिनं जपून ठेवायला पाहिजे होतं?" बायकोने विचारलं.

"सगळ्यांच्या आयांनी फेकायला पाहिजे होतं आणि माझ्या आईनं ठेवायला पाहिजे होतं," मी म्हणालो. गुंतवणुकीचं शास्त्र इतकं साधं आहे, पण घरात कुणाला पटत नाही.

अमेरिकेतल्या लोकांना हे पटलं, तर काय झालं बघा. जुन्या कार्डांचे भाव ऐकून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं सगळेच शहाणे झाले. बापांनी पोरांसाठी खोकीच्या खोकी घेऊन ठेवली, उघडायची नाहीत, कॉलेजच्या फीला होतील म्हणून. कंपन्यांनीही हात आखडला नाही, छापतच सुटल्या. आता ती खोकी लोकांच्या तळघरांत जशीच्या तशी आहेत आणि कुणी विचारत नाही. पाकिटं मेणकागदाची असायची म्हणून त्या काळाला जंक वॅक्सचा, म्हणजे भंगार मेणाचा, काळ म्हणतात. प्रत्येकाने जपली की झालं कल्याण. गड्ड्याच्या यात्रेत एका वर्षी एका खेळण्याचा एक स्टॉल असतो, तो चांगला चालतो, आणि पुढच्या वर्षी त्याच खेळण्याचे चाळीस स्टॉल लागतात, तसंच.

माझं स्वतःचं चुकलं ते त्याच सुमारास. 1993 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांबळींनी लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली, 224 आणि 227. मी पाचवीत होतो, आणि बाजार कुठं चाललाय ते मला स्पष्ट दिसत होतं. मधल्या सुट्टीत मी दोन सचिन देऊन पाच कांबळी घेतले. सौदा झाल्यावर मी इतका खूश होतो की समोरच्याला वर डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पण दिली.

आज यावर कुणी हसलं तर मी आकडे तोंडावर फेकतो. कसोटीतली सरासरी, कांबळी 54.20, सचिन 53.78. कोण पुढं? एकाच्या कसोट्या सतरा आणि दुसऱ्याच्या दोनशे, हा तपशील विचारल्याशिवाय मी सांगत नाही.

तर डबा घेऊन मी अण्णांच्या दुकानात गेलो. कारण एकच, त्यांच्याकडे सूत मोजायचं भिंग आहे. कापडावर ठेवायचं आणि इंचात किती धागे ते मोजायचे. कार्डांच्या दुनियेतही असंच चालतं. तिथं पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही, हे बघतात. दहाला आणि आठला जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

अण्णांनी गिऱ्हाईक बाजूला ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या कांबळींवर वाकले.

"डावीकडची किनार जाड, उजवीकडची बारीक."

"हां, त्याला सेंटरिंग म्हणतात."

"कोपरा उसवलाय. आणि हा डाग?" त्यांनी वास घेतला. "शेंगाचटणी."

तीस वर्षांनी! मला आमच्या चटणीचा अभिमान वाटला.

"सेकंडचा माल," अण्णांनी निकाल दिला. "पाचही. धुवून बघतोस का?"

मी त्यांना सांगितलं की या धंद्यात सेकंडचा माल कधीकधी फ्रेशपेक्षा महाग जातो. 1989 मध्ये फ्लीअर कंपनीने छापलेल्या बिली रिपकेन या बेसबॉलपटूच्या कार्डावर त्याच्या बॅटच्या मुठीवर लिहिलेली अस्सल शिवी तशीच छापून गेली. कंपनीच्या लक्षात आल्यावर ती कधी काळ्या ठिपक्याने, कधी पांढऱ्या रंगाने झाकायची धडपड झाली, आणि लोक प्रत्येक प्रकार वेगळा जमवू लागले. त्या खेळाडूचं नाव आज जास्त लोकांना त्या कार्डामुळेच ठाऊक आहे.

अण्णा विचारात पडले. "आमच्याकडे एकदा मोराला तीन पाय विणले गेले होते," म्हणाले. "सगळा लॉट निम्म्या दरात दिला. शिवी विणायला पाहिजे होती."

ते शंभर कोटींचं कार्डही, नंतर कळलं, माळ्यावर सापडलेलं नव्हतंच. मालकाने 1991 मध्ये ते 50,000 डॉलर मोजून घेतलं होतं. म्हणजे आधीच महाग असलेली वस्तू घ्यायची आणि एकतीस वर्षं तिच्यावर चटणी सांडायची नाही. हे कुणी आधी का सांगत नाही?

मला कळेपर्यंत मी दोन गुंतवणुका करून बसलो होतो. पहिली, नऊशे रुपयांना मागवलेला मिकी मँटल. आला तेव्हा इतका कोरा करकरीत होता की मला गहिवरून आलं. अण्णांनी भिंगातून मागच्या बाजूचा बारीक शब्द वाचला, रीप्रिंट. दुसरी, आयपीएलच्या कार्डांचं एक सीलबंद खोकं. ते मी लोखंडी कपाटात साड्यांमागे दहा वर्षांसाठी ठेवलं होतं. अकराव्या दिवशी बायकोने ते शेजारच्या पिंट्याला वाढदिवसाला दिलं. "खेळण्याचंच होतं ना?" म्हणाली. पिंट्याने जिन्यातच फोडलं. मी दारामागे उभा राहून एकेका पाकिटाचा टर्रकन आवाज ऐकला.

मग ठरवलं, दुर्मीळच घ्यायचं असेल तर आपल्या गावचं घ्यावं. पॉली उम्रीगर! 28 मार्च 1926 रोजी जन्म, आणि तोही आपल्या सोलापुरात. कसोटीत द्विशतक काढणारा पहिला भारतीय, 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. त्यांचं जुनं एखादं कार्ड किंवा फोटो मिळाला तर पेटीत घालून भिंतीवर लावणार होतो. जुन्या सामानाच्या दुकानांत दोन रविवार घातले. एका दुकानदाराने मनापासून विचार केला.

"उम्रीगर... म्हणजे उमरग्याचे का?"

शेवटी राहवेना, म्हणून माझ्या त्या दोन सचिनांचा शोध घेतला. तो वर्गमित्र आता नव्या पेठेत मोबाईलचं दुकान चालवतो.

"का बे, आज इकडं कसा?"

मी सरळ मुद्द्यावर आलो. दोन सचिन कुठं आहेत?

त्याला आठवायला वेळ लागला. मग हसला. "ते होय! दुसऱ्या दिवशीच दिले की. एका अंडरटेकरला."

"दोन सचिन देऊन एक अंडरटेकर?"

"तू बोलू नको. पाच कांबळी घेऊन भाकरी कुणी दिली?"

"मग अंडरटेकर कुठंय?"

"आईनं रद्दीत घातला."

आम्ही दोघं काही क्षण गप्प राहिलो. त्याने चहा मागवला. बशीत ओतता ओतता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "कांबळी आहेत अजून?"

"आहेत."

"पाचच्या पाच?"

"चार म्हण. एकाला रबर चिकटलंय."

त्याने ड्रॉवर उघडून मोबाईलचं एक पारदर्शक कव्हर काउंटरवर ठेवलं. मी ते उचललं, खिशातून अण्णांचं भिंग काढलं आणि चारही कोपरे नीट तपासले.

"वर स्क्रीनगार्ड देतोस का?" मी विचारलं.