रॉजर विल्यम्स वेल्सचा नव्हता

अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड वसवणारा पाद्री रॉजर विल्यम्स मूळचा वेल्सचा, शिकला ऑक्सफर्डला, इंग्लंडचा सत्ताधीश ऑलिव्हर क्रॉमवेलच्या नात्यातला, आणि न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, झाडून सगळे विल्यम्स त्याचेच वंशज. ही माहिती एका वंशावळीतून दुसरीत इतक्या वेळा उतरवली गेली आहे की आता कुणी ती तपासतही नाही. यातली एकही गोष्ट खरी नाही. पहिलीचं उत्तर तर १८८९ सालीच छापून आलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं.

वेल्सचा पुरावा काय, तर आडनाव. त्यात ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजच्या नोंदींमध्ये वेल्समधल्या कार्मार्थनशरचा एक रॉडेरिकस विल्यम्स सापडला आणि जुन्या चरित्रकारांनी त्यालाच रॉजर ठरवून टाकलं. पण रॉडेरिक वेगळा, रॉजर वेगळा. ही मुळात दोन नावं आहेत.

मग लंडनमध्ये जुनी मृत्युपत्रं चाळताना हेन्री वॉटर्स या अमेरिकन संशोधकाला अ‍ॅलिस विल्यम्स नावाच्या विधवेचं १६३४ सालचं मृत्युपत्र मिळालं. १८८९ साली छापून आलेलं उत्तर ते हेच. तिचा नवरा जेम्स हा मर्चंट टेलर, म्हणजे कापडवाल्यांच्या मोठ्या व्यापारी संघाचा सदस्य. घर सेंट सेपल्कर पॅरिशमध्ये, म्हणजे त्या नावाच्या चर्चच्या हद्दीत. सध्या समुद्रापलीकडे असलेल्या रॉजर या मुलाला दरवर्षी १० पौंड, २० वर्षं द्यावेत, असं तिने लिहून ठेवलं. तो मेला तर उरलेली रक्कम त्याच्या बायकोला आणि मुलीला.

‘मुलीला’ या शब्दापाशी थांबा. रॉजरची थोरली मेरी १६३३ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथला जन्मली, दुसरी फ्रीबॉर्न १६३५ मध्ये. मृत्युपत्र झालं तेव्हा त्याला एकच मूल होतं आणि ती मुलगीच होती. शिवाय अ‍ॅलिसच्या बाकीच्या मुलांत सिड्रॅक आणि रॉबर्ट ही नावं आहेत. रॉजर स्वतः आपल्या लिखाणात तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या एका भावाचा आणि ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला शाळामास्तर असलेल्या रॉबर्टचा उल्लेख करतो. इतकं सगळं योगायोगाने जुळत नाही. ‘मग बाप्तिस्म्याची नोंद दाखवा’ म्हणणाऱ्यांसाठी: सेंट सेपल्कर १६६६ च्या लंडनच्या आगीत जळालं, त्यात जुन्या नोंदवह्याही गेल्या.

ऑक्सफर्डचा मुद्दा इथेच निकालात निघतो. लंडनमधल्या या पोराला लघुलिपीत भराभर लिहिता यायचं. ते पाहून सर एडवर्ड कोक या नामांकित न्यायाधीशाने त्याला १६२१ मध्ये चार्टरहाउस शाळेत घातलं. ही हकिकत कोकच्या मुलीने, अ‍ॅन सॅडलरने, स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे तो गेला केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात आणि १६२७ मध्ये बी. ए. झाला.

क्रॉमवेलचं नातं कुठून आलं तेही सांगतो. ऑलिव्हरचं घराणं खरोखरच मूळचं विल्यम्स; त्याचे पणजोबा रिचर्ड विल्यम्स यांनी मामाचं क्रॉमवेल हे आडनाव घेतलं. पण म्हणून प्रत्येक विल्यम्स त्यांचा भाऊबंद होत नाही. उलट १६२९ मध्ये रॉजरने क्रॉमवेलची आत्या लेडी बॅरिंग्टन यांच्याकडे त्यांच्या भाचीचा हात मागितला, तर त्यांनी साफ नकार दिला. त्याच वर्षी त्याने मेरी बर्नार्डशी लग्न केलं.

राहिले ‘सगळे विल्यम्स’. १७०४ मध्ये फ्रेंच आणि मूलनिवासींनी केलेल्या हल्ल्यात कैद झालेले मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफील्डचे पाद्री जॉन विल्यम्स नेहमी रॉजरच्या झाडावर चिकटवलेले दिसतात. ते मॅसॅच्युसेट्समधल्याच रॉक्सबरीच्या रॉबर्ट विल्यम्सचे नातू, आणि तो रॉबर्ट इंग्लंडच्या नॉरफोकमधून आलेला, म्हणजे रॉजरच्या भावाहून वेगळाच माणूस. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉर्चेस्टरला तर दुसरा एक रॉजर विल्यम्स होताच, जो पुढे कनेक्टिकटमधल्या विंडसरला गेला. त्यानेही बराच घोळ घातलाय.

आपल्या रॉजरला सहा मुलं झाली. प्रॉव्हिडन्स हा मुलगा अविवाहित राहिला, त्यामुळे विल्यम्स हे आडनाव पुढे गेलं ते फक्त डॅनियल आणि जोसेफ या दोघांकडून. मेरी सेल्स घराण्यात गेली, मर्सी वॉटरमन घराण्यात. तुमच्या घरी सेल्स किंवा वॉटरमन हे आडनाव आणि ऱ्होड आयलंडचं गाव दोन्ही असतील, तर तिथून शोध सुरू करा.