फक्त बरोबरी हवी आहे ना? मग काळजी कसली!

अभिनंदन! पात्रता फेरीचा शेवटचा सामना तोंडावर आलाय आणि तुमच्या संघाला फक्त बरोबरी हवी आहे. जिंकायचंसुद्धा नाही, नुसतं हरायचं नाही. याहून सोपं काम फुटबॉलमध्ये नाही, हे तुम्ही मनाशी पक्कं केलंच असेल. तरीही सामन्यापर्यंतचे दिवस सत्कारणी लागावेत म्हणून थोडं मार्गदर्शन.

आधी गुणतक्ता पाठ करा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत गुण समान झाले की पहिल्यांदा गोलफरक बघतात आणि युरोच्या (म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) पात्रता फेरीत आपसातले सामने, हा भेद मात्र लक्षात ठेवू नका. ठामपणे बोलताना अडचण होते.

मग प्रतिस्पर्ध्याकडे वळा. तो आधीच बाद झाला असेल तर ‘त्यांच्यासाठी आता उरलंय काय?’ असं म्हणा. तो आधीच पात्र ठरला असेल तरी हेच वाक्य चालतं. १० ऑक्टोबर २०१७ ला अमेरिका याच हिशेबाने त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या कुवामध्ये उतरली होती. समोरचा संघ गटात तळाला, गमावण्यासारखं काही नसलेला. अमेरिकेला बरोबरी पुरत होती. पहिला गोल अमेरिकेच्याच बचावपटूने स्वतःच्या जाळ्यात मारून यजमानांचं काम हलकं केलं, दुसरा लांबून आला आणि सामना २-१ असा हातचा गेला. तरीही एक आशा होती, ती म्हणजे इतर मैदानांवर निकाल सोयीचे लागण्याची. त्याच रात्री पनामा जिंकलं आणि होंडुरासही. १९९० पासून एकही विश्वचषक न चुकवलेला संघ २०१८ चा विश्वचषक टीव्हीवर बघायला मोकळा झाला.

पण एवढ्याने डगमगू नका. कधी कधी इतरांचे निकाल खरोखरच तुमच्या बाजूने लागतात. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्याच गटातली रशिया इस्रायलमध्ये हरली आणि इंग्लंडला युरोचं दार आयतं उघडून मिळालं. आता घरच्या वेम्बलीवर क्रोएशियाशी बरोबरी केली की झालं. क्रोएशिया तर आधीच पात्र ठरलेली. (बघा, ‘त्यांच्यासाठी उरलंय काय?’) पहिल्या १४ मिनिटांत ०-२. मग इंग्लंडने जिवाच्या आकांताने २-२ केली. हीच ती बरोबरी! इथे सामना थांबवायची सोय नियमांत नाही, ही फुटबॉलमधली मोठीच त्रुटी म्हणायची. ७७ व्या मिनिटाला क्रोएशियाचा तिसरा गोल झाला. प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लारेन भर पावसात छत्री घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली, छत्रीचा फोटो राहिला. यावरून तुमच्या प्रशिक्षकासाठी एक सूचना निघते: भिजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे शेवटची मिनिटं. यात फ्रान्सचा हात धरणारा कोणी नाही. १९९३ च्या शरदात पुढच्या वर्षीचा विश्वचषक गाठायला त्यांना दोन सामन्यांत मिळून एक गुण हवा होता, दोन्ही पॅरिसमध्ये. पहिला इस्रायलशी, ज्यांनी गटात तोवर एकही सामना जिंकला नव्हता. त्यांनी मुहूर्त शोधला तो नेमका पॅरिसचा, ३-२. हरकत नाही, दुसरा सामना होताच की! १७ नोव्हेंबरला बल्गेरियाविरुद्ध ९० वं मिनिट सुरू झालं तेव्हा गुणफलक १-१ होता आणि फ्रान्सला बल्गेरियाच्या कोपऱ्याजवळ फ्री किक मिळाली. चेंडू डाविड जिनोलाकडे आला. अशा वेळी सामान्य बुद्धीचा माणूस कॉर्नरच्या झेंड्याला पाठ टेकून चेंडू पायाखाली दाबून ठेवतो. जिनोलाने तो उचलून लांब मारला. गोलसमोर वाट बघत असलेल्या सहकारी काँतोनाच्याही पलीकडे. बल्गेरियाने तोच चेंडू घेऊन अख्खं मैदान पार केलं आणि कोस्तादिनोव्हचा फटका क्रॉसबारच्या खालच्या बाजूला आपटून आत गेला. पुढे अमेरिकेतल्या त्या विश्वचषकात बल्गेरियाने जर्मनीला घरी पाठवून उपांत्य फेरी गाठली, पण तो तुमचा विषय नव्हे. तुम्ही एवढंच शिका की, शेवटच्या मिनिटाला चेंडू आपल्याकडे असला की बिनधास्त जागेवरून उठावं आणि गर्दीच्या आधी बाहेर पडावं.

बाकी किरकोळ गोष्टी. मुख्य आघाडीवीर क्लबच्या सामन्यात लंगडताना दिसला तर देव पाण्यात घाला; क्लबने खोटं दुखणं काढलंय असंही सोबत म्हणत राहा. दोन पिवळ्या कार्डांमुळे कोण बाहेर आहे, हे राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कळलं तरी चालतं.

आणि समजा, बरोबरीही हुकली आणि गाडी प्लेऑफवर, म्हणजे हुकलेल्यांसाठीच्या शेवटच्या संधीच्या बाद सामन्यांवर आली? उत्तमच! आता एक सामना सोडून पुढच्याची तयारी करा. २०२२ च्या मार्चमध्ये युरोविजेत्या इटलीच्या बाबतीत सगळ्यांनी असंच केलं. आधी पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाचं काम उरकायचं होतं, पण चर्चा होती ती अंतिम प्लेऑफमध्ये पोर्तुगालला कसं अडवायचं याची. २४ तारखेला भरपाई वेळेत ट्रायकोव्हस्कीने लांबून एक फटका मारला, ०-१. पोर्तुगालचा सामना ठरल्याप्रमाणे २९ तारखेला पोर्तोमध्ये झाला. समोर उत्तर मॅसेडोनिया होता.