सात वेळा पुसलं तरी एसएसडीत उरतं

लॅपटॉप विकण्याआधी काय करावं, याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो गेल्या महिन्याभरात तीनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फॉरमॅट केलेला डेटा कोणीही पाच मिनिटांत परत काढतो, म्हणून ७ वेळा, जमल्यास ३५ वेळा शून्यं लिहिणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. तरी धाकधूक वाटली तर जोरदार चुंबक फिरवा, नाहीतर डिस्क हातोड्याने फोडा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये असते ती एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क, आणि तिला यातलं फारच थोडं लागू पडतं. विश्वासाने रात्र जागवणाऱ्याची कागदपत्रं आत तशीच राहू शकतात, याची मला काळजी वाटते.

सगळ्यात फसवा मुद्दा ७ वेळांचा. जुन्या हार्ड डिस्कच्या तबकडीवर जागा ठरलेली असते; तिथे नवं लिहिलं की जुनं गेलं. एसएसडीची चिप मात्र छोट्या पानांवर लिहिते आणि पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसते. त्यामुळे तुम्ही एखाद्या फाइलवर शून्यं लिहायला सांगितलीत, की आतला कंट्रोलर, म्हणजे काय कुठे लिहायचं ते ठरवणारी चिप, ती दुसऱ्याच कोऱ्या पानावर लिहितो आणि जुनं पान 'रद्द' म्हणून बाजूला ठेवतो. चिप सगळीकडे सारखी झिजावी म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. शिवाय २५६ जीबी म्हणून विकलेल्या ड्राइव्हमध्ये प्रत्यक्ष चिपवर साधारण ७ टक्के जास्त जागा असते. ती विंडोजलाच दिसत नाही, मग विंडोजवरचं सॉफ्टवेअर तिथे पोचणार कसं?

२०११ साली सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी चिपा थेट वाचून पाहिल्या. एकेक फाइल पुसण्याच्या सगळ्या पद्धती फसल्या. फाइलचा ४ ते ७५ टक्के मजकूर मागे उरला होता. अख्खा ड्राइव्ह दोनदा भरल्यावर बहुतेक वेळा साफ झाला, पण प्रत्येक वेळी नाही.

३५ हा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला. तो त्या काळच्या वेगवेगळ्या जातींच्या हार्ड डिस्कना मिळून होता. एकाच डिस्कवर सगळेच्या सगळे ३५ फेरे मारण्यात अर्थ नाही, असं पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं.

फॉरमॅटचा मुद्दा अर्धा खरा आहे. हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅटनंतर डेटा परत मिळतो, हे बरोबर. एसएसडीला मात्र विंडोज त्याच वेळी 'ट्रिम' पाठवतं, म्हणजे ही पानं आता नकोत असं कळवतं. मग डेटा परत काढणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुधा नुसती शून्यं दिसतात. तरी यावर मी विसंबणार नाही, कारण कंट्रोलर ती पानं खरोखर कधी पुसेल हे त्याच्या सोयीवर असतं.

चुंबकाने काहीही होत नाही. इथे माहिती विद्युतभाराच्या रूपात असते.

हातोड्याचं मला वाईट वाटतं. आतली एसएसडी बोटाएवढी लांब, चपटी पट्टी असते आणि तिच्यावर नखाएवढ्या एकदोन काळ्या चिपा. घाव कडेला बसला तर पट्टी तुटते, पण चिप शाबूत राहते, आणि ती काढून वाचता येते. काही लॅपटॉपमध्ये तर चिपा मदरबोर्डवरच जोडलेल्या असतात, म्हणजे कोणाच्या तरी चार वर्षं उपयोगी पडेल असं यंत्रच मोडायचं.

खरी वाट म्हणजे पुसायचं काम कंट्रोलरलाच सांगणं. त्यासाठी 'सिक्युअर इरेज' किंवा 'सॅनिटाइझ' नावाची आज्ञा असते. ती अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, नाहीतर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळते. सुनीतामावशी शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा तिचा लॅपटॉप शेजारच्या मुलीला द्यायचा होता. त्यात वर्गातल्या मुलांचे जन्मदाखले, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, पेन्शनचे कागद. हवं ते दुसरीकडे ठेवून, चार्जर लावून मी बायोसमधून आज्ञा दिली. मिनिटभरही लागलं नाही. "अरे, एवढ्यात झालं? नीट बघ," मावशी म्हणाली. तिची शंका रास्त होती. सॅन डिएगोच्या तपासणीत एका ड्राइव्हने 'पुसलं' असं सांगितलं होतं आणि डेटा सगळा जागच्या जागी होता. म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) चालू करून मी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढली. सगळीकडे शून्यं. त्या वाचण्याला मात्र बराच वेळ गेला, तोवर चहा झाला.

याच्या जोडीला एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात डेटा ठेवणं, हवं, आणि तेही लॅपटॉप घेतल्या दिवसापासून. विंडोजमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू आहे का, ते आजच सेटिंग्जमध्ये बघा. मग एखादं रद्द पान उरलंच, तर किल्लीशिवाय ते वाचता येत नाही. विकायच्या आदल्या दिवशी चालू केलंत, तर आधी उघड्यावर लिहिलेल्या जुन्या पानांना त्याचा उपयोग नाही. एम मालिकेच्या चिप असलेल्या मॅकमध्ये डेटा मुळातच एन्क्रिप्ट केलेला असतो. तिथे 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' केलं की किल्लीच नष्ट होते.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात पानांची हीच भानगड असते, पण 'सिक्युअर इरेज'सारखी आज्ञा बहुतेकांत नसतेच. ज्यात कागदपत्रं ठेवली होती ती कोणालाही देऊ नका. तिथे हातोडा घ्या, आणि घाव चिपवर घाला.