‘निकृष्ट पत्रा’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार. भिंतींचे बोर्ड चढण्याआधीच आपल्या पोलादी सांगाड्यावर डाग दिसले आणि आमच्याशी बोलूनही आपले समाधान झाले नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘निकृष्ट पत्रा, काही वर्षांत सगळे गंजून खाली बसेल’ हे वाचून गप्प राहणे आम्हाला शक्य नाही, कारण आमचे पोट याच पत्र्यावर चालते.

आपल्या छायाचित्रांतील पांढरी भुकटी हा पोलादाचा गंज नव्हे, ती पोलादाला गंजापासून वाचवणाऱ्या वरच्या जस्ताच्या थराची आहे. या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम, म्हणजे एका बाजूस साधारण २० मायक्रॉन जस्त असते. ते मोकळ्या हवेत भिजून वाळत राहिले, तर त्यावर कार्बोनेटचा घट्ट पापुद्रा धरतो आणि पुढची झीज मंदावते. परंतु एकावर एक रचलेल्या स्टडांमध्ये (सांगाड्याच्या उभ्या पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये) पाणी अडकले आणि हवा कोंडली, तर तो पापुद्रा धरत नाही आणि जस्ताची सैल भुकटी होते. गठ्ठे जमिनीपासून उचलून, थोडा उतार देऊन, ताडपत्रीखाली वारा खेळेल असे ठेवावेत, हे माल उतरवताना सांगितले होते व मालासोबतच्या चलानाच्या मागेही छापले आहे. आपल्याच छायाचित्रात ते थेट मातीवर, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले दिसतात, आणि तेही पावसात. बांधकामावर जागेची ओढाताण असते हे आम्ही जाणतो. पण मग ठपका पत्र्यावर का?

तांबडे ठिपके बहुतांशी ग्राइंडरमधून उडालेल्या लोखंडी कणांचे आहेत. पत्र्याच्या उघड्या कडेला शेजारचे जस्त स्वतः झिजून सांभाळते. मात्र आपल्या नळकाम करणाऱ्याने जिथे स्टड ग्राइंडरने कापले, तिथे उष्णतेने कडेचे जस्तच जळाले आहे. काम आमचे नसूनही तेवढ्या जागी जस्तयुक्त रंग आम्ही विनामूल्य लावून देऊ. साठवणीच्या सूचना यापुढे अधिक ठळकपणे देण्याचाही विचार आहे.

भुकटी कोरड्या नायलॉन ब्रशने काढून खालचा थर आपल्यासमोर मोजू. तोवर कृपया बोर्ड बसवू नयेत, आणि डाग घालवण्यासाठी फरशी धुण्याचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. ते उरलेले जस्तही खाऊन टाकील.