लाईट डिम झाली म्हणजे बॅटरी गेली, हे कोणी सांगितलं?

गेल्या शुक्रवारी एकाच दिवसात तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला. सकाळी सोसायटीच्या, दुपारी शाळेच्या, आणि रात्री मामाने पर्सनलवर पाठवला, वर ‘खूप उपयोगी आहे, मी दोन नंबरचा करून पण बघितला, गाडी लगेच चालू’. ते दोन नंबरचं काय ते पुढे येईलच, मला वाचून घाम फुटला.

फॉरवर्ड आहे पावसाळ्यात स्कूटरच्या लाईटचे प्रॉब्लेम घरच्या घरी कसे सोडवायचे त्याचा. सहा मुद्दे. लाईट डिम झाली किंवा सेल्फ लागेना तर बॅटरी बदला. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका, नाहीतर चॉकलेटची चांदी गुंडाळा. दिवसा जळणारी हेडलाईट बॅटरी खाते, स्विच बसवून घ्या. जास्त वॅटचा किंवा एलईडी बल्ब टाका. इंडिकेटर फास्ट व्हायला लागला तर फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) गेला. बल्ब सारखे उडतात म्हणजे डुप्लिकेट आहेत. मी काही मेकॅनिक नाही, पण घरच्या तीन स्कूटर आणि सोसायटीतल्या निम्म्या गाड्या मीच उघडतो, तेव्हा एकेक घेतो.

पहिल्या मुद्द्यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची गाडी घ्या. गेल्या पावसाळ्यात त्यांनी ब्रेक दाबला की ब्रेकलाईट नुसती मिणमिणायची आणि बटण न दाबताच इंडिकेटरही हलकेसे लालसर पेटायचे. एका दुकानात बॅटरी बदलून दिली, फरक शून्य, मग ‘हा पीसच खराब निघाला’ म्हणून दुसरी. शेवटी पार्किंगमध्ये मी मीटर लावला, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतो तसला साधा पिवळा डिजिटल. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.७ व्होल्ट, चालू करून थोडी रेस केली तर १४.१. आता सांगा यात बॅटरीचा काय दोष? गाडी थोडा वेळ बंद ठेवल्यावर १२.६ च्या वर आकडा आला तर बॅटरी फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामी धरा. आणि रेस केल्यावर साडेतेरा ते पावणेपंधराच्या मधे कुठेही आकडा आला तर चार्जिंगही ठीक आहे.

मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला ठेवली, लाल पिन मागच्या बल्बच्या अर्थला (करंट परत नेणाऱ्या वायरीला), आणि काकूंना म्हटलं ब्रेक दाबून धरा. तिथे जेमतेम शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. दिसले सहा व्होल्ट! म्हणजे बारातले निम्मे व्होल्ट परतीच्या वाटेवरच अडकत होते आणि बल्ब उरलेल्या निम्म्यावर जळत होता. मागचं कव्हर काढलं तर अर्थची रिंग चासीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे चिखल आणि हिरवट थर. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट कसला, वरून थोडं ग्रीस लावलं, ब्रेकलाईट लख्ख. करंटला परत जायला नीट रस्ता मिळाला नाही की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, ते इंडिकेटर भुताटकीसारखे पेटायचे ते यामुळे. काकूंची मूळची चांगली बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली ती गेलीच.

सेल्फचंही तसंच. बहुतेक स्कूटरना ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, म्हणजे सेल्फचा करंट ब्रेकच्या त्या टिचभर स्विचच्या भरवशावर असतो. हॉर्न खणखणीत वाजतोय पण सेल्फ दाबल्यावर साधं टकसुद्धा होत नाही, तर ब्रेक दाबून मागची लाईट पेटते का बघा. नाही पेटली तर बहुतेक तो स्विचच. (दुसऱ्या बाजूचा ब्रेक दाबून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर सेल्फ लागतो. आणि नव्या काही गाड्यांना साइड स्टँड खाली असला तरी चालू होत नाही, यात मी स्वतः फसलोय, सगळं कव्हर उघडून बसलो होतो.) टक टक वाजतंय पण फिरत नाही, तेव्हा मात्र आधी बॅटरीची टर्मिनल कसून बघा आणि मग बॅटरीवर संशय घ्या. बॅटरी जातेच कधीतरी, मी नाही म्हणत नाही. घर ते मंडई दीड किलोमीटर, त्यात चार वेळा सेल्फ, असं रोज केलं तर खर्च झालेला करंट परत भरायला तिला वेळच मिळत नाही. पण आधी मोजा, मग बदला.

आणि जुन्या स्कूटरची हेडलाईट सिग्नलला डिम होते, रेस केली की वाढते, हा फॉल्टच नाही. कितीतरी जुन्या मॉडेलमध्ये हेडलाईट बॅटरीवर नसतेच, ती थेट मॅग्नेटच्या कॉईलवरून (इंजिन फिरलं की करंट बनवते ती) एसी करंट घेते, इंजिन हळू फिरलं की उजेड कमी. आमच्या बाबांच्या जुन्या चेतकला तर बॅटरीच नव्हती. रात्री कात्रजचा घाट उतरताना गिअर खाली टाकून इंजिन वाजतं ठेवायचे, तेव्हा कुठे समोरचं वळण दिसायचं. त्या काळात हा फॉरवर्ड असता तर लोकांनी काय बदललं असतं कुणास ठाऊक.

आता दोन नंबर, म्हणजे चांदी. इथे जरा थांबतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फक्त पैसे जातील, याने गाडी जाईल. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, आणि गाडीत कुठला लावायचा ते कंपनीने वायर किती जाड आहे ते बघून ठरवलेलं असतं. कुठेतरी वायर सोलून चासीला टेकते, नको इतका करंट ओढला जातो, वायर तापायच्या आत फ्यूज उडतो. त्याचं कामच ते आहे. त्याच्या जागी २० चा टाकला किंवा चांदी गुंडाळली की शॉर्ट आहे तिथेच राहतो, फक्त आता वितळायची पाळी वायरीची. आणि वायर जाते कुठून? सीटखालून, पेट्रोलच्या टाकीला घासून. ‘लगेच गाडी चालू’ होते हे खरं आहे, मामा खोटं बोलत नाहीये, पण चालू होणं म्हणजे दुरुस्त होणं नव्हे.

शॉर्ट शोधायला एक जुनी युक्ती आहे, मला नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याने फुकट शिकवली. मागच्या ब्रेकलाईटचा २१ वॅटचा एक जास्तीचा बल्ब घ्यायचा, होल्डरसकट, दोन वायरी काढायच्या आणि फ्यूज काढून त्या दोन वायरी फ्यूजच्या दोन खाचांत लावायच्या. किल्ली ऑन. कुठे शॉर्ट असेल तर सगळे व्होल्ट या बल्बवर येतात आणि तो पूर्ण उजेडाने पेटतो, पण त्याच्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही त्यामुळे वायर तापत नाही आणि दर पाच मिनिटांनी नवा फ्यूज जाळावा लागत नाही. मग एकेक गोष्ट करत जायची. हॉर्न दाब, ब्रेक दाब, इंडिकेटर दे, हँडल हळूहळू डावीकडे उजवीकडे फिरव, आणि नजर बल्बवर. बाकी लोड चालू असला तर थोडासा पेटतो तो वेगळा, तो मंद असतो, शॉर्टचा उजेड बघता क्षणी कळतो.

माझ्या बहिणीच्या गाडीला फ्यूज फक्त वळताना उडायचा, मेकॅनिककडे नेली की उभ्या गाडीत सगळं ठीक. बल्ब लावला, हँडल पूर्ण उजवीकडे नेलं आणि झगझगीत पेटला, सरळ केलं की विझला. पुढचं कव्हर काढलं तर हँडलच्या मानेपाशी हॉर्नची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती, आतलं तांबं चमकत होतं. टेप गुंडाळली, वायर जरा मोकळी करून दुसरीकडून बांधली, काम झालं. पुण्यात दिवसातून शंभर वेळा हँडल वळतं, त्यामुळे फ्यूज उडत असेल तर मी आता आधी मानच बघतो.

तिसरा मुद्दा, दिवसाची हेडलाईट. १ एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींना ती कायम चालू राहणारी लाईट सक्तीची आहे, समोरच्याला तुम्ही लवकर दिसावं म्हणून. ती इंजिन चालू झाल्यावर लागते, आणि इंजिन चालू असताना कॉईल करंट बनवतच असते, बहुतेक स्कूटरमध्ये नको असलेला करंट रेग्युलेटर उष्णता करून फेकून देतो. म्हणजे लाईट बंद करून तुम्ही वाचवता काय, तर ती उष्णता. वर फॅक्टरीची वायर कापून लोकल स्विच घुसवलेला, पुढच्या पावसाळ्यात हिरवा होऊन बसणार.

जास्त वॅटचा बल्ब: हॅलोजनवाल्या बऱ्याच स्कूटरना एचएस१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो, म्हणजे साधारण तीन अँपिअर. लोक त्याच्या जागी एच४ चा ६०/५५ खाचा तासून बसवतात, तो पाच अँपिअर ओढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने होल्डरमध्ये ती जवळपास तिप्पट होते. मग होल्डर चॉकलेटसारखा मऊ पडतो आणि कॉईलला तेवढा करंट देता येत नसल्यामुळे उजेडही वाढत नाही तो नाहीच. एलईडी चांगली वस्तू आहे, पण वर सांगितलं तसं हेडलाईट एसीवर असेल तर स्वस्तातली एलईडी कमी रेसला फडफडते, आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तिचा उजेड रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो. सिंहगड रोडला रात्री समोरून येणाऱ्यांना विचारा.

इंडिकेटर फास्ट झाला तर फ्लॅशर उगाच बदलू नका. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवाल्या बहुतेक गाड्यांत पुढचा किंवा मागचा एक बल्ब गेला किंवा कमी वॅटचा बसवला की लोड कमी होऊन टिकटिक पळायला लागते. उतरून चारही बल्ब बघा, संपलं. अगदी जुन्या पत्तीवाल्या फ्लॅशरचं मात्र उलटं, बल्ब गेला की ते हळू होतात नाहीतर पेटूनच राहतात.

आणि डुप्लिकेट बल्ब. असतात, नाही असं नाही. पण हेडलाईट, टेल, मीटरचा दिवा असे वेगवेगळे बल्ब महिन्याभरात उडाले तर परत मीटर काढा आणि रेस करून बॅटरीवर बघा. १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर (वर म्हटलेला रेग्युलेटर यातच असतो) तरी गेलाय किंवा त्याच्या कपलरची, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगची, पिन तरी जळालीये. पिन बघायला काही लागत नाही, कपलर ओढायचा, काळी पडलेली पिन दिसतेच. असेच चालवत राहिलात तर बॅटरीही उकळून संपेल, आणि मग मात्र पहिला मुद्दा खरा होईल.

मामा, ती चांदी आजच्या आज काढ. फ्यूजची जागा रिकामी ठेव, गाडी काढू नकोस, मंडईला रिक्षाने जा. रविवारी सकाळी मी बल्ब आणि मीटर घेऊन येतो, मामीला सांग पोहे कर.