कल्चर निगेटिव्ह आलं तरी दुखणं खरं असतं

'वारंवार लघवी आणि जळजळ म्हणजे युरिन इन्फेक्शन' असं लघवीच्या त्रासावरच्या एका लेखात सरळ लिहिलंय, ते अपुरं आहे. मूत्राशय भरेल तसं ओटीपोटात दुखणं वाढतं, लघवी झाली की थोडा वेळ उतरतं, हे 6 आठवड्यांच्या वर चाललंय आणि कल्चरमध्ये (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी) जंतू नाहीत, तर इंटरस्टिशियल सिस्टायटिसचा (जंतूंशिवाय मूत्राशय दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार) विचार व्हायलाच हवा. पुरुषांत हेच दुखणं बरेचदा प्रोस्टेटच्या नावावर खपतं.

कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या, मधल्या धारेचा (सुरुवातीची थोडी लघवी सोडून), आणि 2 तासांत लॅबमध्ये पोचवा. मे महिन्यात नागपुरात बाटली गाडीच्या डिक्कीत राहिली की जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. लघवीत पस सेल्स (पू-पेशी) भरपूर पण कल्चर निगेटिव्ह असेल तर मूत्रमार्गाच्या टीबीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. लघवीत रक्त दिसलं तर थेट युरॉलॉजिस्टकडे जा.

जाताना 3 दिवसांची नोंद न्या: वेळ, मापाच्या भांड्यात मोजलेले मिली, दुखणं 0 ते 10 मध्ये किती. दर वेळी जेमतेम 100 मिली होतेय आणि रात्रीही उठावं लागतंय, हे कागदावर दिसलं की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

आणि कृपा करून उन्हाळ्यात पाणी तोडू नका! लघवी दाट होऊन जास्तच झोंबते. संत्री, चहा, सावजी रस्सा 2-3 आठवडे बंद ठेवा, मग एकेक करून परत सुरू करा. प्रत्येकाला वेगळं काहीतरी बाधतं, काहींना यातलं काहीच बाधत नाही.